मराठवाड्यातून मानवशास्त्र शिकताना: प्रवेशापासून वंशावळीच्या वहीपर्यंत

मराठवाड्यातल्या बहुतेक कॉलेजांत बीएला समाजशास्त्र मिळतं, इतिहास मिळतो, लोकप्रशासन मिळतं. मानवशास्त्र स्वतंत्र विषय म्हणून क्वचितच दिसतं. त्यामुळे अनेकांची या विषयाशी पहिली गाठ पडते ती यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत: 250 गुणांचे दोन पेपर, एकूण 500. त्या वाटेनं आलात तरी काही बिघडत नाही. पण क्लासच्या नोट्स पाठ करून पेपर निघतो, विषय येत नाही. विद्यापीठात मानवशास्त्र शिकायचं म्हणजे एखाद्या वस्तीवर महिनाभर राहून, तिथलं जगणं वहीत नीट उतरवून, त्यातून काही सिद्ध करून दाखवायचं. म्हणून इथं प्रवेशाचं थोडक्यात आणि फील्डवर्कचं सविस्तर सांगितलं आहे.

कुठं आणि कसा प्रवेश घ्यायचा

भारतात या विषयाचा पहिला स्वतंत्र विभाग 1920 साली कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला. आपल्याला जवळचे पर्याय दोन. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात मानवशास्त्र विभाग आहे. नांदेड, लातूरकरांना हैदराबाद सोयीचं. तिथल्या केंद्रीय विद्यापीठातला एमए सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेतून मिळतो. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नूचा एमए आहे. मात्र प्रॅक्टिकल कोणत्या केंद्रावर होतात आणि प्रबंधाला मार्गदर्शक कोण मिळणार, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. समाजशास्त्रातूनच पुढं जायचं असेल तरी खालची सगळी पद्धत तशीच लागू पडते. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा कॅम्पस आहे, तिथल्या अभ्यासक्रमांतही गावात राहून काम करण्यावर भर असतो.

सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, म्हणजे तुमचं पदवीचं शेवटचं वर्ष अजून चालू असताना. निकाल लागल्यावर बघू म्हणणारा इथंच एक वर्ष गमावतो. कोणत्या शाखेची पदवी चालते आणि किती टक्के लागतात, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहा. गेल्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

कागदपत्रांत सर्वात जास्त गोची होते ती जातीच्या दाखल्यावर. महाराष्ट्रात व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती) हे वेगळे प्रवर्ग आहेत, केंद्राकडं ते नाहीत. बंजारा विद्यार्थी राज्यात व्हीजे-ए असतो, पण हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठाचा अर्ज भरताना त्याला ओबीसीचा रकाना निवडावा लागतो आणि नॉन-क्रिमिलेयरसह केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. (याच बंजाऱ्याची तेलंगणात अनुसूचित जमातीत गणना होते आणि कर्नाटकात अनुसूचित जातीत. जमात म्हणजे काय, या पहिल्या सत्रातल्या प्रश्नाला याहून चांगलं उदाहरण शोधायची गरज नाही.) राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथं चालत नाही आणि तहसीलमधून दुसरा निघायला वेळ जातो, तेव्हा अर्जासोबतच तो काढायला टाका. विद्यापीठ बदलत असल्यानं टीसीबरोबर मायग्रेशनही लागेल. निकाल उशिरा लागला तर कॉलेजकडून 'निकाल प्रतीक्षेत' असं पत्र घ्या आणि मूळ गुणपत्रक कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते लेखी विचारून ठेवा.

कला शाखेवाल्यांना भीती वाटते तो भाग

अभ्यासक्रमात सामाजिक-सांस्कृतिक, जैविक, पुरातत्त्वीय आणि भाषिक अशा चार शाखा असतात. बीए करून आलेला माणूस जैविक शाखेला बिचकतो. खरं तर दहावीच्या विज्ञानाचं पुस्तक, मेंडेलचे नियम, एबीओ रक्तगट आणि सांगाड्यातली 206 हाडं एवढी तयारी सुट्टीत झाली की पहिलं सत्र निभतं.

प्रॅक्टिकलला मात्र हात बसावा लागतो. उंची मोजणं हे सगळ्यात सोपं काम, आणि त्यातच चुका होतात. माणूस अनवाणी, टाचा जुळवून, सरळ उभा हवा. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्रापुढचा उंचवट्याचा बिंदू एका आडव्या रेषेत यायला हवेत. हेच फ्रँकफर्ट प्रतल. अंबाडा असेल तर सोडायला सांगा, नाहीतर केसांची उंची मोजली जाते. नोंद मिलिमीटरपर्यंत करा. दिवसभर उभं राहिल्यावर उंची सुमारे एक सेंटिमीटरनं कमी भरते, म्हणून निम्मी वस्ती सकाळी आणि निम्मी संध्याकाळी मोजली तर तुलनेला अर्थ राहत नाही. प्रत्येकाचं माप दोनदा घ्या, पहिला आकडा झाकून. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

गाव निवडताना

स्वतःचं गाव घेऊ नका. राहण्या-खाण्याची सोय होते म्हणून मोह होतो, पण तिथं तुम्ही अमक्याचा पोरगा असता. भावकीतल्या वादाबद्दल कोणी मोकळं बोलत नाही, आणि "तुला काय सांगायचं, तुला ठावकीच हाय की" या वाक्यावर निम्मे प्रश्न संपतात. शेजारचा तालुका घ्या: बोली कळते, ओळख नसते. एका माणसाला 60 ते 100 घरांची वस्ती किंवा बंजाऱ्यांचा तांडा पुरे. चारशे घरांचं गाव घेणारे शेवटी पाहणीचा फॉर्म भरत बसतात.

लांब, दुर्गम, 'खरी आदिवासी' वस्तीच हवी हा हट्टही सोडा. किनवट-माहूरकडं गोंड, कोलाम, आंध वस्त्या आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, बाकी दोन कातकरी आणि माडिया गोंड. तिथं काम जरूर करावं, पण भाषेची तयारी आणि वेळ असेल तरच. पहिल्या प्रबंधाला अंबाजोगाईचा आठवडी बाजार किंवा जालन्यातली एखादी कामगार वस्तीही तितकीच मानवशास्त्राची.

निवडीत गावाइतकंच महिन्याला महत्त्व आहे. बीडमधल्या ऊसतोडीच्या गावात डिसेंबरात गेलात तर घरोघरी कुलपं, म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं सापडतील. टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. स्थलांतरावर लिहायचं असेल तर दोन टप्पे करा: निघण्याआधीचे आठ दिवस, जेव्हा उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) आणि मुकादमाचे हिशेब चालू असतात, आणि नंतर कारखान्याच्या परिसरातल्या कोप्यांवरचे, म्हणजे झोपड्यांवरचे, पंधरा दिवस. सोयाबीन काढणीत आणि कापूस वेचणीत दिवसा कोणी भेटत नाही, तेव्हा रानात जाऊन बोला. एप्रिल-मेमध्ये लग्नं असतात, त्यामुळे नातेसंबंधांसाठी तो काळ उत्तम. एका मांडवात तुम्हाला महिन्याभराची माहिती दिसते.

पहिले चार दिवस

विभागाचं पत्र सरपंचाला आणि पोलीस पाटलाला दाखवा. तांड्यावर नाईक आणि कारभाऱ्याला आधी भेटा. पण मुक्काम सरपंचाच्या वाड्यावर करू नका. तिथं झोपलात की दुसऱ्या पार्टीची दारं बंद होतात, आणि तुम्हाला ते कळतही नाही. लोक चहा पाजतात, बोलत नाहीत. शाळेची खोली किंवा भाड्याची खोली बरी. जेवणाचे पैसे पहिल्या दिवशीच ठरवा.

या चार दिवसांत छापील फॉर्म बाहेर काढू नका. कागद दिसला की तो घरकुलाचा, रेशनचा नाहीतर विम्याचा असतो, असा गावाचा अनुभव आहे. मग उत्पन्न कमी सांगितलं जातं आणि पक्क्या घराची मागची खोली लपते. "मी कॉलेजात शिकतो, इथल्या जगण्यावर लिहिणार आहे, यातून तुम्हाला योजना मिळणार नाही," हे तीनतीनदा सांगा.

तोवर नकाशा काढा. गावठाण, वेस, मारुती, बौद्ध वस्ती, मातंग वस्ती, हापसे, पिठाची गिरणी, पार. प्रत्येक घराला क्रमांक द्या आणि कुलूपबंद घरालाही द्या. बंद घरं वगळली की स्थलांतर करणारेच अभ्यासातून गळतात. ही चूक फार जण करतात आणि मग गावात मजुरी कमी असल्याचा निष्कर्ष काढतात.

घर म्हणजे काय आणि वय किती

घरमोजणीत एकक ठरवा: चूल. एका छताखाली दोन चुली असतील तर दोन कुटुंबं. रेशन कार्डावर विसंबू नका, कार्डं सोयीनं फोडलेली असतात. ऊसतोडीच्या घरात आणखी एक पेच आहे. तिथं 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचलही जोडीवर ठरते. मुलगा-सून कोयता म्हणून वेगळे आणि गावात आल्यावर आईच्या चुलीवर, अशी घरं निम्मं वर्ष दोन आणि निम्मं वर्ष एक असतात. दोन्ही लिहा, तारखेसह.

वय विचारलं की "असंल साठ-सत्तर" असं उत्तर येतं. यासाठी घटनांचं कॅलेंडर लागतं आणि मराठवाड्यात ते आयतं आहे. रझाकार आणि पोलीस ॲक्शन, सप्टेंबर 1948. बाहत्तरचा दुष्काळ, सुकडी आणि रस्त्याची कामं. किल्लारीचा भूकंप, 30 सप्टेंबर 1993. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार, 14 जानेवारी 1994. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते 2016. प्रश्न असा विचारा: "भूकंप झाला तवा थोरला पोरगा चालत होता का?" उत्तरावरून एक-दोन वर्षांच्या फरकानं वय निघतं. आधार कार्डावरची 1 जानेवारी किंवा 1 जून ही जन्मतारीख बहुतेक वेळा अंदाजानं लिहिलेली असते.

वंशावळ

हे खरं कसबाचं काम. पद्धत रिव्हर्स या इंग्रज संशोधकाची, 1898 च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत घडवलेली. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, भावंडांना आडवी रेघ, पिढीला उभी, मृताला तिरपी रेघ. चिन्हं अर्ध्या तासात येतात, नाती येत नाहीत.

अडचण पाहा. मराठवाड्यात आईचा भाऊ मामा. आत्याच्या नवऱ्यालाही अनेक ठिकाणी मामाच म्हणतात. आणि सून सासऱ्याला मामा, मामंजी म्हणते, सासूला आत्याबाई. तेव्हा "तुमचे मामा कोण?" या प्रश्नाला तीन वेगळी माणसं उत्तरात येऊ शकतात. बापाला भाऊ किंवा दादा आणि आईला बाई किंवा वहिनी म्हणणारी घरंही भरपूर आहेत. म्हणून नात्याचं नाव विचारायचंच नाही, पायरी विचारायची: आईला सख्खे भाऊ किती, नावं काय, त्यांना कोणत्या गावच्या बायका. 'सख्खा' हा शब्द दर वेळी उच्चारा, नाहीतर चुलत आणि मानलेले सगळे एका रेघेवर बसतात. कोण कोणाला काय हाक मारतं, ते वेगळ्या रंगाच्या शाईनं शेजारी लिहा, कारण त्या हाकांतच नियम दडलेला असतो. सासूला आत्या म्हणायची रीत आणि मामाच्या पोरीशी लग्न करायची रीत एकमेकींना धरून आहेत: मामाची मुलगी केली तर तिची सासू ही तिची सख्खी आत्याच. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नातेसंबंधांच्या अभ्यासात महाराष्ट्र मध्य विभागात येतो, जिथं उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीती मिसळतात. तुमच्या तीस वंशावळींत मामाची मुलगी किती वेळा आली हे मोजलं की त्या विधानाशी तुम्हाला वाद किंवा संवाद करता येतो.

वंशावळीतून हमखास गळतात त्या दिलेल्या लेकी आणि गेलेली लेकरं. "लेकरं किती?" म्हटलं की काही म्हातारे फक्त मुलगे मोजतात. "लेकी किती, कुठं कुठं दिल्या? सुना कुठून आणल्या?" असं विचारा, या दोन उत्तरांतून सोयरिकीचा नकाशा तयार होतो. एका घराला दीड ते दोन तास धरा आणि वंशावळ बसवताना घरातली म्हातारी बाई समोर हवी. पुरुषांना तीन पिढ्या पाठ असतात, पण सोयऱ्याधायऱ्यांच्या गावांची नावं तिलाच आठवतात. गेलेल्या लेकरांचा विषय मात्र तिनं काढला तरच पुढं न्या.

पुस्तकातल्या 'ॲग्नेट' आणि 'अफाइन' या शब्दांना घाबरायचं कारण नाही. गावाकडं त्यांना भावकी आणि सोयरे म्हणतात.

वही

खिशात छोटी वही, खोलीवर मोठी. छोटीत सुटे शब्द, मोठीत त्याच रात्री पूर्ण नोंद. एका तासाच्या निरीक्षणाला लिहायला दोन तास लागतात. रात्री राहिलं तर सकाळी निम्मं विसरलेलं असतं. पानाची उजवी बाजू निरीक्षणाला, डावी तुमच्या शंकांना. लोकांचे शब्द त्यांच्याच बोलीत. 'मपलं', 'तुपलं', 'काहून' यांचं प्रमाण मराठीत भाषांतर करून ठेवलंत की परत जाता येत नाही.

फरक दाखवायला लातूरकडच्या येळवशीचा, म्हणजे वेळ अमावास्येचा नमुना घ्या. कच्ची नोंद अशी असते: 'आज वेळ अमावास्या उत्साहात साजरी झाली. सर्वांनी एकत्र भोजन केलं.' यातून काहीच हाती लागत नाही. कामाची नोंद अशी:

'सकाळी साडेदहा. घर क्र. 14 चं रान. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड, पांडव म्हणतात. पूजा थोरल्या मुलानं केली, वडील बांधावर बसून. आंबिलाचं मडकं धाकट्या सुनेनं डोक्यावर आणलं. पहिल्या पंगतीला पुरुष आणि लेकरं. भज्जी वाढायला फक्त सासू. घर क्र. 31 चा सालगडी बोलावलेला, बांधापलीकडं बसला. स्वतःहून की सांगितलं म्हणून, कळलं नाही. उद्या विचारणे.'

दुसरीत वेळ आहे, जागा आहे, कोणी काय केलं आहे, आणि जे कळलं नाही तेही आहे. प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या बांधापलीकडच्या बसण्यातून निघू शकतं.

वहीची प्रत रोज ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या कर्नाटकातल्या रामपुरा गावावरच्या अनेक वर्षांच्या नोंदी 1970 साली स्टॅनफर्डला लावलेल्या आगीत जळाल्या. तीन प्रती होत्या, तिन्ही एकाच इमारतीत. पुढं त्यांना ते गाव बरंचसं आठवणीतून लिहावं लागलं. तुमची आठवण तेवढी पक्की नाही असं धरून चाला आणि रोज रात्री पानांचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा.

रेकॉर्डिंग विचारूनच. बायकांच्या आजारपणाबद्दल पुरुष विद्यार्थ्यानं विचारणं जमत नाही, आणि आशाताईंना सोबत नेलं तर उत्तरं सरकारी होतात. वर्गातल्या मुलीबरोबर जोडीनं काम वाटून घ्या. बालविवाह, उचलीचा आकडा, गर्भपिशवीचं ऑपरेशन हे विषय पहिल्या पंधरवड्यात काढू नका. नावं बदलणं पुरेसं नसतं: गावात कुंभाराचं एकच घर असेल तर 'एक कुंभार कुटुंब' म्हटलं तरी अख्ख्या तालुक्याला कळतं. तिथं व्यवसायच बदला, किंवा तो भाग गाळा.

लिहून काढताना

पुण्याला किंवा हैदराबादला प्रबंध बहुधा इंग्रजीत लिहावा लागतो. आधी मराठीत कच्चा खर्डा करा. थेट इंग्रजीत लिहिलं की जेवढं इंग्रजी येतं तेवढाच विचार कागदावर उतरतो. पहिलं प्रकरण गॅझेटियरमधून उतरवलेल्या जिल्ह्याच्या इतिहासाचं नको. पर्जन्यमान आणि तालुक्यांची संख्या परीक्षक वाचत नाहीत. नकाशा, घरमोजणीचे दोन तक्ते, चार-पाच निवडक वंशावळी, मग तुमचा प्रश्न. तोंडी परीक्षेत ठरलेला प्रश्न येतो: हे तुम्हाला कसं कळलं? त्याचं उत्तर वहीतल्या तारखेनं आणि घर क्रमांकानं देता आलं पाहिजे.

गावाला बांधलेली प्रत दिली तर ती ग्रामपंचायतीच्या कपाटात जाते. लोक मागतात ती वंशावळ. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मराठवाड्यात वंशावळ हा शब्द तहसील कचेरीचा झाला आहे, आणि तुम्ही काढलेला कागद दाखल्याला उपयोगी पडेल असं लोकांना वाटतं. तो शासकीय पुरावा नाही हे आधीच सांगा. मोठ्या कागदावर साफ प्रत जरूर काढून द्या, पण दुसरी लग्नं, सोडचिठ्ठ्या आणि दत्तकाच्या नोंदी तीत ठेवू नका. भावकीत जमिनीचा वाद असला तर तो कागद पुढच्याच आठवड्यात वकिलाच्या टेबलावर असतो.